सामायिक दप्तराचे दुभाषे

कचेरीत नव्याने रुजू झालेला कारकून पहिल्या दिवशी संगणक उघडतो, वरिष्ठांनी सांगितल्याप्रमाणे 'झेड' या अक्षरावर बाण नेऊन टिचकी मारतो, आणि त्याच्यापुढे गेल्या दहा वर्षांची आवक-जावक, पगारपत्रके, निविदा आणि रजेचे अर्ज अशा बेताने मांडलेले दिसतात, की जणू रातोरात कोणी ते सारे त्याच्या टेबलाखालच्या पेटीतच आणून ठेवले आहे. वस्तुतः त्या पेटीत 'झेड' नावाची तबकडी मुळीच नाही. ते दप्तर तिसऱ्या मजल्यावरच्या, क्वचित तिसऱ्याच गावातल्या, एखाद्या यंत्रात आहे. ते यंत्र पुष्कळदा कारकुनाच्या यंत्राहून निराळ्या कुळीचे असते, आणि दोघांची मातृभाषा एक नसते. तरीही अर्ज उघडतो, दुरुस्त होतो, पुन्हा जागच्या जागी जाऊन बसतो. मध्ये कोणी दुभाषी उभा आहे ही शंकासुद्धा कोणाला येत नाही, आणि दुभाष्याच्या कसबाची याहून मोठी पावती नाही.

दुभाष्यांचे चरित्र लिहिण्याची आपल्याकडे फारशी चाल नाही. १६७४ साली इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेला, हे शाळेतले पोरही सांगते. पण त्याच्या बरोबर बोलणी समजावून सांगावयास नारायण शेणवी नावाचा गृहस्थ होता, हे सांगणारे विरळा. संगणकाच्या इतिहासातही तोच न्याय चालत आला आहे. यंत्रे बांधणाऱ्यांची आणि कारखाने उभारणाऱ्यांची चरित्रे उदंड झाली. परंतु एका प्रणालीचे दप्तर दुसऱ्या प्रणालीच्या मुलखात वाचता यावे म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांची हकीकत त्या धंद्यातल्या माणसांपलीकडे कोणी जाणत नाही.

प्रथम भाषाभेद मुळात कोठून आला, ते पाहिले पाहिजे. तबकडीला रोमन अक्षराने ओळखण्याची रीत सीपी/एम या जुन्या प्रणालीतून डॉसमध्ये आली. 'ए' आणि 'बी' या अक्षरांवर फ्लॉपीने वहिवाट सांगितली, 'सी' कायम तबकडीला मिळाले, आणि उरलेली अक्षरे पडीक जमिनीसारखी मोकळी राहिली. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत तबकडीच्या आत कप्पेच नव्हते. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत युनिक्सच्या धर्तीवर कप्प्यात कप्पा करण्याची सोय झाली. पण युनिक्स ज्या तिरक्या रेघेने कप्पे वेगळे दाखवी, ती रेघ डॉसने आज्ञांच्या पोटकलमांसाठी आधीच खर्चून टाकली होती, म्हणून रेघ उलटी करावी लागली. मॅकिंटॉशने त्याच कामासाठी अपूर्णविराम पत्करला. युनिक्समध्ये मोठ्या लिपीतले 'ए' आणि लहान लिपीतले 'ए' ही दोन भिन्न अक्षरे. डॉसमध्ये ती एकच. डॉसमधले नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढे तीन अक्षरांची शेपटी, त्याहून अधिक मुभा नाही. ज्याने त्याने आपापल्या अंगणात आपल्या सोयीने घातलेल्या या रांगोळ्या होत. पुढे अंगणे एक होतील, ही कल्पना तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हती.

अंगणे एक करण्याची पहिली युक्ती आयबीएमच्या सेवेतील बॅरी फायगेनबाउम या अभियंत्याने १९८३ च्या सुमारास योजिली. डॉसवर चालणारा प्रत्येक कार्यक्रम फाइल उघडावयाची झाली की एकाच ठराविक खिडकीशी जाऊन अर्ज करीत असे. फायगेनबाउमने त्या खिडकीशी एक माणूस बसविला म्हणा ना: अर्ज 'सी' तबकडीचा असेल तर तो आत द्यावयाचा, आणि दूरच्या तबकडीचा असेल तर लखोट्यात घालून तारेवर रवाना करावयाचा. कार्यक्रमाला या बदलाचा सुगावा लागत नसे. त्याच्या लेखी दूरची तबकडी हे केवळ आणखी एक अक्षर होते. या पत्रव्यवहाराच्या नमुन्याला कर्त्याने प्रथम आपल्याच नावाची आद्याक्षरे दिली होती, बी, ए आणि एफ; पुढे ते नाव बदलून 'सर्व्हर मेसेज ब्लॉक', म्हणजे व्यवहारातले 'एसएमबी', असे भारदस्त नाव पडले. प्रत्येक लखोट्याच्या माथ्यावर चार खुणा असत. पहिली २५५ या अंकाची, आणि तिच्यामागून एस, एम, बी ही अक्षरे. ही खूण लक्षात असू द्यावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या योजनेचा गुण आणि दोष एकच होता, तो असा की ती डॉसचे हुबेहूब प्रतिबिंब होती. डॉसच्या साऱ्या सवयी, आठ-तीनची नावे, लहानमोठ्या अक्षरांविषयीची बेफिकिरी, 'मी लिहितो आहे तोवर दुसऱ्याने लिहू नये' अशी फाइल उघडतानाच घालावयाची अट, या सर्व त्या पत्रव्यवहारात जशाच्या तशा उतरल्या. तारेवरच्या यंत्रांची नावेसुद्धा पंधरा अक्षरांच्या आत बसवावी लागत, कारण सोळावी जागा यंत्राचा हुद्दा सांगण्यासाठी राखून ठेवलेली होती. मायक्रोसॉफ्टने हाच नमुना उचलून आपल्या लॅन मॅनेजरमध्ये आणि पुढे विंडोजमध्ये वाढविला, आणि जी एका अभियंत्याची तात्पुरती सोय होती ती पाहता पाहता जगातल्या बहुतेक कचेऱ्यांची राजभाषा होऊन बसली.

युनिक्सच्या मुलखात याच सुमारास दुसरी भाषा घडत होती. १९८२ साली स्थापन झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने (तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म १९५५ साली पुण्यात झाला, हे पुणेकरांना सांगावयास नको, त्यांना ते माहीत नसले तरी अभिमान असतोच) १९८४ साली 'नेटवर्क फाइल सिस्टीम', म्हणजे 'एनएफएस', सिद्ध केली, आणि तिचा नमुना इतर यंत्रकारांनाही खुला केला, १९८९ साली तो सार्वजनिक मानकपत्र म्हणून प्रसिद्धही झाला. या भाषेचा स्वभाव मोठा विरक्त होता. दप्तर सांभाळणारे यंत्र कोणाचे काहीही लक्षात ठेवीत नसे. कोणती फाइल, कोठपासून, किती मजकूर, हे मागणाऱ्याने प्रत्येक खेपेस नव्याने सांगावे आणि त्याने तेवढेच द्यावे, असा करार. यात मौज अशी की दप्तराचे यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा उठले तरी काहीही बिघडत नसे, कारण विसरण्यासारखे त्याच्यापाशी काही नव्हतेच. मागणारे यंत्र 'उत्तर येत नाही, प्रयत्न चालू आहे' एवढी नोंद करून तासन्‌तास वाट पाहत बसे. उलट, 'मी लिहितो आहे, तू थांब' हा निरोप सांगावयास त्याच कारणाने निराळा जमादार नेमावा लागला. ओळखीच्या बाबतीत तर ही भाषा भोळीच म्हटली पाहिजे: मागणाऱ्या यंत्राने 'हा पाचशे एक नंबरचा माणूस आहे' असे सांगितले, की दप्तराने ते खरे मानावयाचे.

यांखेरीज युटा प्रांतातल्या नॉव्हेलची नेटवेअर आणि ॲपलची ॲपलशेअर ही दोन संस्थाने होती. त्यांच्या कहाण्या स्वतंत्र आहेत आणि येथे त्यांत शिरण्याचे कारण नाही. मात्र नेटवेअरने एकाच फाइलीला डॉसचे एक, मॅकचे दुसरे आणि युनिक्सचे तिसरे नाव बहाल करण्याची जी तजवीज केली होती, ती पाहिली म्हणजे माहेरी एक, सासरी दुसरे आणि रेशनकार्डावर तिसरे नाव असलेल्या आपल्याकडच्या आजीबाईंची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

हे भाषावैविध्य नित्याच्या कामात काय अनर्थ करी, याचा अनुभव मी एका छापखान्यात घेतला आहे. तेथे मजकूर जुळविणारी यंत्रे डॉसची आणि पाने लावणारी दोन यंत्रे मॅकिंटॉशची होती, आणि दोहोंना जोडणारी एकमेव वाहिनी म्हणजे फ्लॉपी घेऊन जिना चढणारा-उतरणारा एक पोरगा. मॅकला डॉसची फ्लॉपी वाचता येई. डॉसला मॅकची फ्लॉपी म्हणजे कोरी आणि बिघडलेली वाटे, आणि ती 'दुरुस्त' करून देण्याची तयारी ते यंत्र मोठ्या अदबीने दाखवी. एका दिवाळी अंकाचे अकरा छापील फर्मे या अदबीपायी पुन्हा लावावे लागले. त्या पोरग्याला कोणी शिव्या दिल्या नाहीत, कारण सगळ्यांना ठाऊक होते की दोष भाषेचा होता, दूताचा नव्हता.

आता मुख्य दुभाष्याकडे वळतो. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथील राष्ट्रीय विद्यापीठात १९९१ च्या डिसेंबरात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा एक संशोधक विद्यार्थी पीएच.डी. करीत होता. त्याच्या मेजावर डॉसचे यंत्र होते, आणि विभागातल्या सनच्या यंत्रांवरील जागा तो पीसी-एनएफएस या साधनाने सुखेनैव वापरीत असे. तेवढ्यात डिजिटल कंपनीचा एक नवा कार्यक्रम चाचणीसाठी त्याच्या हाती आला. तो कार्यक्रम त्याच कंपनीच्या पाथवर्क्स या जोडणीवाचून चालेना, आणि पाथवर्क्स फक्त डिजिटलच्याच यंत्रांशी बोले. सनच्या यंत्राला ते ओळख देईना. म्हणजे एक दार उघडावे तर दुसरे बंद व्हावे अशी गत. दुसरा कोणी असता तर त्याने खरेदी-विभागाकडे अर्ज टाकला असता. ट्रिजेलच्या मनात असे आले, की ही दोन यंत्रे आपसात काय बोलतात ते ऐकून शिकता येण्यासारखे असले पाहिजे. त्याने तोवर तारेवरून बोलणारा एकही कार्यक्रम लिहिलेला नव्हता.

त्याने दोन यंत्रांच्या मध्ये बसून सगळे बोलणे टिपून घेणारा एक छोटासा हेर तयार केला. मग डॉसवरून फाइल उघडावी, थोडी वाचावी, कप्पा बदलावा, आणि प्रत्येक कृतीच्या वेळी तारेवरून कोणते अंक गेले व कोणते आले ते मांडून पाहावे, असा क्रम त्याने धरला. हळूहळू या अंकाचा अर्थ 'उघड', त्याचा अर्थ 'वाच', असे उमगत गेले. काही अंकांचा अर्थ लागेना तेव्हा ते केवळ पोपटासारखे परत पाठवून पाहिले, आणि आठवडाभरात त्याचे सनचे यंत्र पाथवर्क्सच्या भाषेत अडखळत का होईना उत्तरे देऊ लागले. पुढे स्वतः ट्रिजेलनेच आपली रीत समजावून देताना फ्रेंच भोजनगृहात बसून, गिऱ्हाइके आणि वाढपी यांचे बोलणे ऐकत, फ्रेंच शिकणाऱ्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. मला मात्र येथे मराठीचा कोशकार मोल्सवर्थ आठवतो. त्यानेही परभाषा ऐकूनच कोश रचला. पण त्याच्या दिमतीला शब्द गोळा करून आणणारे पंडित होते, आणि विचारले असता ते उत्तर देत. ट्रिजेलचे पंडित विचारल्यास गप्प बसणारे होते. त्यांच्या नकळत ऐकणे एवढाच मार्ग त्याला मोकळा होता.

१९९२ च्या जानेवारीत त्याने आपला कार्यक्रम जगाला फुकट देऊन टाकला, आणि आपल्या अभ्यासाला लागला. मौजेची गोष्ट ही, की आपण नेमकी कोणती भाषा शिकलो आहोत हे त्याला तोवर ठाऊक नव्हते. पत्नीचे विंडोज यंत्र आणि स्वतःचे लिनक्स यंत्र जोडण्याचा घरगुती प्रश्न पुढे उभा राहिला, तेव्हा त्याला उमगले की पाथवर्क्सची म्हणून आपण जी बोली टिपली ती मुळात आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टची एसएमबीच होती, आणि म्हणून त्याच्या सर्व्हरला जगातले यच्चयावत विंडोज यंत्र आपला भाऊबंद समजणार होते. नावाचा प्रश्न १९९४ साली आला. त्याने आपल्या कार्यक्रमाला दिलेले 'एसएमबी सर्व्हर' हे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीचे निघाले. तेव्हा ट्रिजेलने आपल्या यंत्रातल्या शब्दसूचीला, एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले सर्व शब्द दे, अशी आज्ञा केली, आणि जे आले त्यांतून 'साम्बा' उचलला. ब्राझीलच्या नृत्याशी या नावाचा संबंध इतकाच.

साम्बाने पुढे जे केले ते शब्दकोशापलीकडचे आहे, कारण दोन मुलखांत भेद शब्दांचा नव्हता, रीतिरिवाजांचा होता. विंडोजला 'पत्र' आणि 'पत्र' एकच वाटावे तसे लहानमोठ्या रोमन अक्षरांतले नाव एकच वाटे, आणि युनिक्सच्या कप्प्यात ती दोन वेगळी माणसे. तेव्हा मागितलेले नाव नेमके सापडले नाही की साम्बा साऱ्या कप्प्याची शिरगणती करून त्यातल्या त्यात जुळणारे शोधून आणी. डॉसच्या फाइलीवर 'गुप्त', 'सरकारी', 'नक्कल करावयाची बाकी' असे तीन शिक्के मारता येत. युनिक्सपाशी ते शिक्केच नव्हते. साम्बाने काय करावे? युनिक्समध्ये 'ही फाइल चालविण्यास परवानगी आहे' असे सांगणारे तीन रकाने असतात, एक मालकाचा, एक गटाचा, एक इतरांचा. साध्या पत्राच्या बाबतीत ते रिकामेच पडलेले असत, म्हणून डॉसचे तिन्ही शिक्के त्याने या तीन रकान्यांत दडवून ठेवले. 'मी लिहितो आहे, तू थांब' ही अट युनिक्स मानीत नसे, म्हणून साम्बाने त्या अटींची स्वतंत्र खतावणी ठेवली. रिकाम्या रकान्यात परक्याचा हिशेब लिहिणाऱ्या या कारकुनी चातुर्याला नाना फडणिसांच्या दप्तरातही दाद मिळाली असती.

परंतु ज्याची भाषा हा दुभाषी शिकत होता, तो धनी, म्हणजे मायक्रोसॉफ्ट, स्वस्थ बसणारा नव्हता. १९९६ साली त्याने आपल्या भाषेचे नाव बदलून 'कॉमन इंटरनेट फाइल सिस्टीम' असे केले, ते नाव फारसे रुजले नाही. १९९७ साली विंडोज एनटीच्या एका दुरुस्तीने उघडा परवलीचा शब्द तारेवर पाठविणे बंद केले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण त्या दिवसापासून ठिकठिकाणच्या युनिक्स दप्तरांनी विंडोजला ओळख देण्याचे नाकारले, आणि दुभाष्याला नवा धडा गिरवावा लागला. १९९८ च्या डिसेंबरात सन मायक्रोसिस्टिम्सने युरोपीय आयोगाकडे फिर्याद दाखल केली, की विंडोजशी बोलण्यास आवश्यक असलेली माहिती मायक्रोसॉफ्ट दडवून ठेवीत आहे. आयोगाने २००४ च्या मार्चमध्ये ४९ कोटी ७० लाख युरोंहून अधिक दंड ठोठावला आणि ती माहिती खुली करण्याचा हुकूम दिला. अपिलात ट्रिजेल आणि त्याचे सहकारी आयोगाच्या बाजूने उभे राहिले. १७ सप्टेंबर २००७ रोजी न्यायालयाने निकाल कायम केला. आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात साम्बाच्या मंडळींना, १०,००० युरो एकरकमी भरून, त्या भाषेचे अधिकृत व्याकरण प्रथमच वाचावयास मिळाले. ऐकून भाषा शिकावयास लागल्याला तेव्हा सोळा वर्षे झाली होती. माझ्या मते या सबंध इतिहासातला खरा तह हाच होय. बाकीच्या घोषणा जाहिराती होत.

भाषेचा तह झाला तरी लिपीचा तंटा उरतोच, आणि तो मराठी माणसाच्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सातारच्या गोऱ्यांची' अशा शब्दांत आपण जो 'ऱ' लिहितो, त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे. परंतु तोच वर्ण 'र' आणि त्याखाली नुक्ता अशा दोन खुणांनी लिहिलेला असला तरी तो समानच मानावा, असाही नियम आहे. ॲपलने १९९८ साली आणलेली तबकडीची पद्धत नावे साठविताना असे वर्ण फोडूनच ठेवी. विंडोज आणि लिनक्सवर लिहिलेली नावे बहुधा अखंड वर्णाची असत. परिणामी 'दुसऱ्या सभेचे इतिवृत्त' या नावाची मॅकवरची फाइल युनिक्सच्या सामायिक तबकडीवर जशीच्या तशी गेली, की डोळ्यांना अक्षरशः एकच दिसणारी दोन नावे शेजारी शेजारी नांदू लागत, आणि एक पुसले तर दुसरे राही. चिटणीस बिचारा चष्मा पुसत बसे. ॲपलच्या एनएफएसला 'नाव पाठविताना वर्ण जोडून पाठव' अशी एक खास अट घालता येते, ती याच कारणाने.

इतिहासाचा शेवटचा अध्याय आमच्या किनाऱ्यावर येतो. २००६ साली विंडोज व्हिस्टाबरोबर एसएमबीची दुसरी आवृत्ती आली. शंभरांहून अधिक आज्ञा छाटून तीत १९ ठेवल्या गेल्या, आणि लखोट्यावरची पहिली खूण २५५ ऐवजी २५४ झाली, जेणेकरून जुने-नवे एका दृष्टिक्षेपात ओळखावे. २०१३ साली ॲपलनेही स्वतःची फाइलभाषा बाजूला सारून हीच प्रथम पसंतीची केली. जुनी मात्र कोणी बंद केली नाही. कोणाचा तरी जुना प्रिंटर, कोणाचे तरी जुने हिशेबाचे यंत्र तीच बोले, म्हणून ती वाड्याच्या मागच्या दारासारखी उघडीच राहिली. तिच्यातल्या एका छिद्रावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी ठिगळ दिले. ज्यांनी ते लावले नाही त्यांच्या यंत्रांत मे महिन्यात वॉनाक्राय हा घातक कार्यक्रम शिरला, आणि २७ जून रोजी, ते छिद्र व आणखी काही वाटा वापरून, नॉटपेट्या हा दुसरा. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे दप्तर त्याने बंद पाडले. त्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातला, मर्स्कच्याच समूहाकडून चालविला जाणारा कंटेनर-धक्काही होता, आणि तेथले संगणकावरचे कामकाज ठप्प झाले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ही जुनी बोली नव्या यंत्रांवर आपोआप बसविली जात नाही. फायगेनबाउमने तिला आपली आद्याक्षरे दिली त्याला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती.